दोघं येणार, लवकर येणार

नवजात शिशू कक्षाच्या दाराशी चपला काढायच्या, अंगठी-घड्याळ उतरवायचं, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, मग आत. आत पंखा नसतो. रेडियंट वॉर्मरची रांग असते. प्रत्येकावर वरून ऊब देणारी तापती नळी, बाळाच्या पोटावर चिकटवलेला तापमानाचा सेन्सर, तळपायाला गुंडाळलेली ऑक्सिजन मोजणारी पट्टी. नातेवाईक या सगळ्याला 'काचेची पेटी' म्हणतात. खिडकीजवळच्या दोन वॉर्मरवर एकाच आईचं नाव होतं. एका कार्डावर 'बाळ 1, वजन 1420 ग्रॅम', दुसऱ्यावर 'बाळ 2, वजन 1180 ग्रॅम'.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'वेळ' हा विषय दिला, तेव्हा वेळेआधी येणाऱ्यांकडे जावं असं मला वाटलं. त्यातही जुळ्यांकडे, कारण त्यांच्या बाबतीत लवकर येणं हा अपवाद नसतो. जुळ्यांच्या दर दहा गरोदरपणांपैकी सहाच्या आसपास बाळंतपणं सदतीस आठवडे भरायच्या आत होतात. तिळी असतील तर पूर्ण दिवस जवळजवळ कधीच भरत नाहीत. एकच बाळ असताना वेळेआधीची कळ कुणाला येईल हे सांगणं अवघड असतं. जुळं असताना मात्र हे आपल्याला तीन-चार महिने आधीच ठाऊक असतं. ठाऊक असूनही आपण काय करतो, हे पाहायला मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात गेले. साखरपट्ट्यातलं रुग्णालय, गळीत हंगामाचे दिवस.

या दोन बाळांची आई बीड जिल्ह्यातली, वय चोविसाच्या आसपास. नवरा-बायको दोघंही ऊसतोड मजूर, दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, त्यामुळे हंगाम सोडून घरी राहणं शक्य नव्हतं. पहिली मुलगी तीन वर्षांची, ती कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, आजीपाशी. दिवस गेल्याचं गावी असतानाच कळलं होतं, सोनोग्राफीही झाली होती, 'जुळं आहे' हे रिपोर्टात लिहिलं होतं. माता-बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं. पण त्या कार्डावरच्या नोंदी बीडमध्ये थांबल्या होत्या. कारखान्याच्या गावात आल्यावर तिला कुणी तपासलं नव्हतं.

"दोन दिस पोट ताठत हुतं," ती म्हणाली. "सासूबाई म्हनल्या, मोळ्या उचलून उचलून ताठलंय, रात्रीला तेल लावू. मी बी म्हनलं, खाडा कशाला करा."

तिसऱ्या दिवशी पहाटे फडातच पाणी गेलं. बत्तिसावा आठवडा होता.

पोट ताठतं म्हणजे काय होतं

गर्भपिशवी हा स्नायू आहे. नऊ महिने तिने सैल राहायचं आणि शेवटी आवळायला लागायचं, हे तिचं काम. एका बाळाच्या गरोदरपणात ती चाळिसाव्या आठवड्याला जेवढी ताणली जाते, जवळपास तेवढी जुळ्यांमध्ये बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यालाच ताणली गेलेली असते. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूच्या पेशी आणि बाळाभोवतीची आवरणं कळा सुरू करणारी रसायनं सोडू लागतात. पिशवीचं तोंड मऊ पडतं, आखूड होतं. त्यात आईच्या लघवीत किंवा योनिमार्गात जंतुसंसर्ग असेल, अंगात रक्त कमी असेल, तर हे सगळं आणखी लवकर घडतं. शिवाय जुळ्यांची काही बाळंतपणं डॉक्टरांना मुद्दाम लवकर करावी लागतात. आईचा रक्तदाब वाढतो, एखाद्या बाळाची वाढ खुंटते आणि मग पोटात ठेवण्यापेक्षा बाहेर काढणं सुरक्षित ठरतं.

वेळेआधीच्या कळा नाटकात दाखवतात तशा येत नाहीत. किंचाळी नाही, धावपळ नाही. पोट दगडासारखं कडक होतं आणि सैल पडतं, पुन्हा कडक होतं. कंबर भरून येते, पाळीच्या वेळी यावी तशी. खाली दडपण आल्यासारखं वाटतं. पांढरं पाणी जास्त जाऊ लागतं, त्यात कधी गुलाबी छटा असते. दुखतंच असं नाही. शहरातल्या बाईला वाटतं गॅस झाला, खेड्यातल्या बाईला वाटतं कामाने झालं. जुळ्यांच्या आईचं पोट तसंही सतत ओढलेलं असल्यामुळे तिला फरक आणखी उशिरा कळतो. प्रसूती कक्षातल्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी त्यांची रीत सांगितली. "मी प्रत्येक जुळ्यांच्या बाईला सांगते, पोटावर हात ठेवून बस आणि घड्याळ बघ. तासात चार-पाच वेळा पोट कडक झालं तर दुखो न दुखो, निघायचं. रात्र असली तरी निघायचं. सकाळी बघू म्हणायचं नाही."

आपल्याकडे आणखी एक समजूत घट्ट बसलेली आहे. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. चांगल्या शिकलेल्या घरांतूनही हे मी ऐकलं. हे साफ चूक आहे. पोटात घालवलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसाला, मेंदूला, आतड्याला बळ देतो. आठव्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं. या समजुतीपायी 'सातवा संपायच्या आत झालं तर बरं' असं म्हणून कळा येत असलेल्या सुनेला घरी ठेवणारी माणसं आहेत, म्हणून हे इतकं ठासून लिहिते आहे.

तसंच अंथरुणाचं. जुळं कळलं की घरचे बाईला पलंगावर निजवून ठेवतात. नुसतं झोपून राहिल्याने जुळ्यांची प्रसूती लांबते, याचा पुरावा संशोधकांना सापडलेला नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. मोळ्या वाहणाऱ्या बाईला जड कामातून मोकळीक हवीच, तो तिचा हक्क आहे. पण तीन महिने निजून राहणं हा उपचार नव्हे. टाके घालण्याबद्दलही घरोघरी आग्रह दिसतो, 'जुळं आहे, टाका घालून टाका.' पिशवीचं तोंड व्यवस्थित असताना केवळ जुळं आहे म्हणून टाका घालण्याने फायदा होत नाही, हे आता प्रसूतितज्ज्ञ एकमताने सांगतात.

वार एक की दोन

जुळ्यांच्या गरोदरपणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेक आयांना कुणी सांगितलेलाच नसतो. दोघांना मिळून वार एक आहे की दोन?

दोन वेगळी बीजं फळली असतील तर वारा दोन असतात. एकाच बीजाचे दोन भाग होऊन बाळं झाली असतील, तर बहुतेकदा वार एकच असते आणि तिच्यातून दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा गरोदरपणांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहू लागतं. एक सुकत जातं, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. दुसऱ्याच्या हृदयावर रक्ताचा भार पडतो, त्याच्याभोवती पाणी बेसुमार वाढतं आणि त्या पाण्याच्या ताणानेच कळा सुरू होतात. वेळीच लक्षात आलं तर दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. ही शस्त्रक्रिया मोजक्या मोठ्या शहरांत होते. लक्षात आलं नाही तर बरेचदा दोन्ही बाळं जातात.

एक वार की दोन, हे सोनोग्राफीत अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. पाण्याच्या दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे टेकतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वारा दोन, पडदा पातळ आणि सरळ टेकलेला दिसला तर वार एक. पुढे हा फरक पुसट होत जातो. म्हणून या एका तपासणीला उशीर करून चालत नाही. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी हवी, दोन असतील तर साधारण महिन्याने चालते. सगळं सुरळीत असलं तरी दोन वारांच्या जुळ्यांचं बाळंतपण सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि एका वारेच्या जुळ्यांचं छत्तिसाव्याच्या सुमारास करावं, असं शास्त्र सांगतं. वारही एक आणि पाण्याची पिशवीही एक, अशी दुर्मीळ जुळी असतील तर नाळांचा गुंता होण्याच्या भीतीने बत्तीस ते चौतीस आठवड्यांतच. म्हणजे अगदी चांगल्या परिस्थितीतही जुळ्यांची तारीख कॅलेंडरवर नऊ महिने नऊ दिवस मोजून काढायची नसते.

कोपीवरच्या त्या आईच्या रिपोर्टात 'ट्विन्स' एवढा एकच शब्द होता. वारेबद्दल काहीही नव्हतं.

अठ्ठेचाळीस तासांचं मोल

कळा एकदा नीट सुरू झाल्या की त्या आठवडेच्या आठवडे थांबवून ठेवील असं औषध जगात नाही. निफेडिपिनसारख्या गोळ्यांनी फार तर एक-दोन दिवस मिळतात. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन दिवसांनी काय होणार? खूप होतं. त्या दोन दिवसांत आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतात आणि बाळांची फुप्फुसं श्वासासाठी तयार होतात.

हा शोध न्यूझीलंडमधला. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूतीच्या कळा कशा सुरू होतात ते तपासत होते. स्टिरॉइड दिलेल्या मेंढीचं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायला नको होतं, पण ते श्वास घेत होतं. लिगिन्स आणि त्यांचे सहकारी रॉस हॉवी यांनी पुढे गरोदर स्त्रियांवर चाचणी केली आणि 1972 साली निष्कर्ष छापले. आज डेक्सामेथासोनची 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात. औषध इतकं स्वस्त आहे की पैशाअभावी ते चुकण्याचं काही कारण नाही. 2014 साली केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढून उपकेंद्रातल्या परिचारिकेलाही (एएनएम) पुढे पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा दिली.

याच औषधाच्या गोष्टीत नागपूर आणि बेळगाव यांचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. सहा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत या दोन्ही ठिकाणच्या खेड्यांतल्या आया होत्या. हे इंजेक्शन गावपातळीवर सर्रास पोहोचवलं तर काय होतं, हे त्या चाचणीत पाहिलं गेलं. निकाल धक्का देणारा होता. लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि एकूण बाळांमध्ये उलट थोडे वाढले, आयांमध्ये संसर्गाची लक्षणंही वाढली. किती आठवडे भरलेत याचा अंदाज चुकलेला, पुढे बाळाला ऊब आणि श्वासाची मदत मिळण्याची सोय नाही, अशा ठिकाणी नुसतं इंजेक्शन उपयोगी पडत नव्हतं. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत, चांगली सोय असलेल्या रुग्णालयांमध्ये, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून पुन्हा चाचणी घेतली. त्यातही बेळगाव होतं. 2020 मध्ये निकाल आला. स्टिरॉइड न मिळालेल्या आयांच्या गटात दर शंभरातली तेवीस-चोवीस बाळं महिनाभरात दगावली होती, मिळालेल्या गटात वीसपेक्षा कमी. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्याआधीच थांबवली.

या दोन निकालांतून मला कळलं ते असं. औषध, अचूक तारीख आणि सोय असलेली जागा ही तिन्ही एकत्र आली तरच बाळ वाचतं. त्यातली जागा सर्वांत आधी ठरवावी लागते, कारण इंजेक्शन पिशवीतून नेता येतं, वॉर्मर नेता येत नाही.

फडातल्या आईला पहिला डोस ग्रामीण रुग्णालयात मिळाला, दुसरा जिल्ह्याच्या ठिकाणी. तिसऱ्याची वेळ यायच्या आत बाळं झाली. अर्धा कोर्स मिळाला, आणि तोही उपयोगी पडला असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांचं मत. मेंदूचं रक्षण करण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शनही आईला दिलं होतं. वेळेच्या फार आधी येणाऱ्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण त्याने कमी होतं.

रस्ता कुणी कापायचा

एक बाळ अचानक आलं तर ग्रामीण रुग्णालयातली एक सिस्टर आणि एक वॉर्मर कशीबशी वेळ निभावून नेतात. जुळ्यांना सगळं दोन-दोन लागतं. दोन वॉर्मर, श्वास देण्याच्या दोन पिशव्या, बाळाकडे पाहणारी दोन माणसं, आणि आईकडे पाहायला तिसरं. पहिलं बाळ डोक्याकडून आलं तरी दुसरं आत फिरून आडवं होऊ शकतं. ताणून सैल पडलेली पिशवी नंतर पटकन आवळत नाही, त्यामुळे आईला रक्तस्रावाचा धोका जास्त, म्हणून रक्ताची सोय हवी.

हे सगळं जिथे आहे तिथे बाळांना नेण्याची सर्वांत चांगली पेटी म्हणजे आईचं पोट. जन्मल्यावर बाराशे ग्रॅमचं बाळ रुग्णवाहिकेत घालून तासभर नेलं तर पोचेपर्यंत ते गार पडलेलं असतं, साखर उतरलेली असते. कक्षात सिस्टर नव्या बाळाला हात लावते ती आधी तळव्यांना. पोट गरम आणि पाय गार म्हणजे ऊब संपत चालली, दोन्ही गार म्हणजे उशीर झाला. "बाहेरून आलेलं प्रत्येक गार बाळ आम्हाला पहिले काही तास मागे नेतं," कक्षातल्या डॉक्टर म्हणाल्या. "आईला आधी पाठवलं असतं तर ते तास मिळाले असते."

महाराष्ट्रात 108 आणि 102 या दोन्ही रुग्णवाहिका आहेत, बाळंतीण आणि आजारी अर्भकासाठी त्या मोफत आहेत. तरी अंतर कुणी पुसलेलं नाही. मेळघाटात धारणीहून अमरावतीला जायचं तर दीडशेच्या आसपास किलोमीटर, त्यात घाट. मोखाडा-जव्हारच्या बाईला नाशिककडे धाडतात. अशा भागातल्या जुळ्यांच्या आईने कळा यायची वाटच पाहू नये, तिसाव्या आठवड्यानंतर मोठ्या रुग्णालयाच्या जवळ राहायला यावं, आणि तिची तिथे राहण्याची सोय सरकारने करावी. आदिवासी भागांत काही ठिकाणी माहेरघराच्या नावाने अशी सोय आहे. तिथे जुळ्यांच्या आयांना पहिला मान मिळायला हवा.

खऱ्या माहेराबद्दलही बोलायला हवं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं, ओटी भरायची आणि लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं, ही आपली मायेची रीत. एका बाळासाठी ती ठीक आहे. जुळ्यांसाठी मात्र सातवा महिना हाच धोक्याचा उंबरठा असतो. पुण्या-मुंबईत जिथे नोंद आहे, जिथे सगळे रिपोर्ट आहेत, ते रुग्णालय सोडून लेक आठ-दहा तास प्रवास करून तालुक्याच्या गावी येते, आणि तिथल्या डॉक्टरांना ती पहिल्यांदा दिसते ती कळा घेऊन. असं घडलेली एक शिक्षिका मला भेटली. तिची मुलं आज शाळेत जातात, पण तिच्या आईला अजून त्या रात्रीबद्दल बोलवत नाही. माहेर तिच्याकडे गेलं असतं, आई चार महिने लेकीच्या घरी राहिली असती, तर डोहाळजेवण तिथेही झालंच असतं.

चमचा-चमचा दूध

बत्तीस आठवड्यांच्या बाळाला चोखता येत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर नाकातोंडातून पोटात गेलेली बारीक नळी, मग वाटी-चमचा, मग अंगावर. सुरुवात एक-दोन मिलिलिटरपासून. ती आई दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध काढायची. पहिल्या दिवशी वाटीचा तळही झाकला गेला नाही, तर तिला रडू फुटलं. सिस्टरनी तो थेंबभर चीक सिरिंजमध्ये ओढला आणि दोन्ही बाळांच्या गालांत आतून लावला. "एवढंच पुरतं आज," त्या तिला म्हणाल्या, "उद्या वाढेल." वाढलं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना वरचं दूध सोसत नाही, आतड्याचा भाग सडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी हे ओळखून 1989 साली मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. धारावीसारख्या वस्त्यांतून येणाऱ्या आयांनी आपलं जास्तीचं दूध दुसऱ्यांच्या बाळांसाठी दिलं आणि आजही देतात. जुळ्यांच्या आईचं दूध सुरुवातीला दोघांना पुरत नाही, तेव्हा ही पेढी म्हणजे औषधच. प्रत्येक जिल्ह्यात ती अजून नाही.

मग येते ती कांगारू पद्धत. कोलंबियात बोगोटा इथे 1978-79 च्या सुमारास डॉ. एडगार रे आणि हेक्टर मार्टिनेस यांनी इन्क्युबेटर कमी पडतात म्हणून बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. बाळाला लंगोट, टोपी आणि मोजे, बाकी कातडीला कातडी. आधी बाळ स्थिर होऊ द्यायचं, मग कांगारू, असा नियम बरीच वर्षं होता. तो 2021 च्या एका चाचणीने मोडला. दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतल्या चार देशांतली रुग्णालयं यांत 1000 ते 1799 ग्रॅमच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटले. त्यासाठी आईची खाट कक्षाच्या आतच हवी.

मी पाहिलं तिथे आईची खाट दोन मजले खाली होती. टाके घातलेली बाई दर तीन तासांनी भिंतीला धरून जिना चढत होती. ही त्या एका रुग्णालयाची कहाणी नाही, बहुतेक इमारती बाळ आणि आई वेगळी ठेवायची असंच गृहीत धरून बांधल्या गेल्या आहेत. यंत्रं नवी येतात, भिंत कुणी पाडत नाही. सरकारी नवजात कक्षांवर खर्च होणारा पुढचा रुपया मला विचाराल तर आईच्या खाटेवर लावावा.

जुळ्यांमध्ये छाती एक आणि बाळं दोन. म्हणून बाप लागतो. त्या बाबाला सिस्टरनी शर्ट काढून खुर्चीत बसवलं तेव्हा तो अवघडून गेला होता, ऊस तोडून चिरे पडलेले हात कुठे ठेवावेत त्याला कळेना. मुकादमाचा फोन सारखा वाजत होता. बाळ 1 त्याच्या छातीशी बांधलं, बाळ 2 आईच्या. तासाभराने त्याने फोन बंद करून सिस्टरकडे दिला. "ह्याचा ठोका लागतूय मला," तो म्हणाला.

कक्षाच्या बाहेर

या कक्षांबद्दल लिहिताना भंडारा विसरता येत नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा अर्भकं गेली. ज्यांना ऊब हवी म्हणून आयांनी सोपवलं होतं ती बाळं. त्यानंतर अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या. वॉर्मर चोवीस तास तापलेले, ऑक्सिजन भरपूर, तारा जुन्या आणि सिस्टर कमी, असं जिथे जिथे असेल तिथे ही तपासणी एकदाच करून भागत नाही.

कक्षातून घरी सोडलेलं बाळ वाचलं असं धरून चालणं ही पुढची मोठी चूक. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं असेल तर त्याच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायला हवा, फारच लहान असेल तर त्याहून लवकर. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वेळेत लेझर केलं तर दृष्टी राहते, राहून गेलं तर मूल आयुष्यभरासाठी आंधळं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 1987 ते 1989 दरम्यान नवजात कक्षातून घरी गेलेली दोन किलोपेक्षा कमी वजनाची मुलं पार अठरा वर्षांची होईपर्यंत तपासली. बहुतेक मुलं चारचौघांसारखी वाढली, पण अभ्यासात, हालचालींत मागे पडण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. लवकर ओळखलं तर यातलं बरंच भरून काढता येतं. म्हणून नुसतं वजन भरलं की तपासण्या सोडायच्या नसतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गाची ओळख आणि उपचार. 39 गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही त्याचा मोठा लाभ झाला. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी फेऱ्या मारतात, त्यामागे हाच प्रयोग आहे. पण आशाची यादी गावाची असते. कोप्या गावात मोडत नाहीत, आणि बीडची आशा सांगली-कोल्हापुरात येत नाही.

त्या जोडप्याला घरी सोडलं तेव्हा बाळ 1 चं वजन 1900 ग्रॅम झालं होतं, बाळ 2 चं 1650. डोळ्यांची पहिली तपासणी झाली होती, दुसरीची तारीख कार्डावर लाल शाईने लिहिलेली. आई कोपीवर जाणार नाही, सासूबाईंसह गावी जाईल, असं बाबाने डॉक्टरांना कबूल केलं. उचल मात्र अजून फिटायची होती, म्हणून तो थांबणार होता.

शेवटी थोडं मागण्यासारखं

जुळ्यांचं प्रमाण वाढण्यात वंध्यत्वावरच्या उपचारांचा हात आहे. टेस्ट ट्यूबच्या उपचारात यश मिळावं म्हणून दोन-तीन भ्रूण एकदम सोडले जातात. सरोगसीच्या 2022 च्या नियमांत एका वेळी एकच भ्रूण, विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत, असं बंधन आहे. स्वतःच्या पोटात भ्रूण घेणाऱ्या स्त्रीनेही एकच सोडा असं म्हणायला कचरू नये, आणि 'एका खर्चात दोन' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना एकदा नवजात कक्षाच्या दाराशी उभं करावं.

2020 साली भारतात सुमारे तीस लाख बाळं वेळेआधी जन्मली, जगात सर्वांत जास्त. त्यातल्या कितीतरी आयांना आधी काहीच कल्पना नसणार. जुळ्यांच्या आयांना मात्र ती असते, म्हणून त्यांच्या बाबतीत 'अचानक झालं' ही सबब आपण चालवून घेऊ नये. साखर कारखान्याने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक गरोदर मजूर बाईची नोंद जवळच्या आरोग्य केंद्राकडे द्यावी, आणि जुळं असेल तर तिच्या कुटुंबाला उचलीतून हंगामापुरती सूट द्यावी. हे आरोग्य खात्याने आणि कारखान्यांनी ठरवलं तर याच हंगामापासून होऊ शकतं.

आणि तुमच्या घरात कुणाला जुळं असल्याचं कळलं, तर पेढे वाटायच्या आधी डॉक्टरांना वार एक की दोन ते विचारा आणि रिपोर्टावर लिहून घ्या. पाचवा महिना संपायच्या आत बाळंतपण कुठे करायचं ते ठरवा. तिथे नवजात कक्षात दोन बाळांची सोय आहे का, रात्री बालरोगतज्ज्ञ असतात का, रक्त मिळतं का, हे स्वतः जाऊन पाहून या. रुग्णवाहिकेचा नंबर, कार्ड आणि कपड्यांची पिशवी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दाराशी तयार ठेवा. पोट ताठायला लागलं तर तेल लावत बसू नका, तिला घेऊन निघा.